बर्फ दिसतो, रस्ता दिसत नाही: विन्स्लो होमरच्या १८७१च्या एका छापील चित्राचा अभ्यास

२८ जानेवारी १८७१ रोजी बॉस्टनच्या ‘एव्हरी सॅटर्डे’ या साप्ताहिकात अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं एक चित्र छापून आलं. नाव ‘लंबरिंग इन विंटर’, म्हणजे हिवाळ्यातली लाकूडतोड. बर्फाने भरलेलं रान, उंच बुंधे, पुढच्या बाजूला कुऱ्हाड चालवणारा एक माणूस आणि मागे झाडांमध्ये दुसरा. चित्राचा ऐवज एवढाच.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या लाकूडतोडीबद्दल कुठे लेख आला की सोबत असं एखादं चित्र असतंच. वाचणारा त्याकडे पुरावा म्हणून बघतो: लाकूडतोड्या असा दिसायचा, असं काम करायचा. म्हणूनच हे एक चित्र घेऊन नीट तपासावंसं वाटलं. यातलं किती खरं मानायचं, आणि जे यात नाही ते का नाही? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या चित्रातली कुऱ्हाड विश्वासाची आहे, पण बर्फ वाचकाची दिशाभूल करतो. बर्फ इथे देखावा म्हणून येतो. रानातल्या माणसांसाठी तो देखावा नव्हता, संकटही नव्हतं. धंद्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं साधन म्हणजे बर्फ.

चित्र कशासाठी काढलं गेलं

होमर तेव्हा चौतिसाचा होता. बॉस्टनमध्ये बफर्ड यांच्या लिथोग्राफीच्या छापखान्यात त्याची उमेदवारी झाली. १८५७पासून तो साप्ताहिकांसाठी चित्रं काढून देत होता आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’साठी आघाडीवरही जाऊन आला होता. १८७०मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात पहिल्यांदा गेला. पुढची कितीतरी वर्षं तो तिथे जात राहिला.

‘एव्हरी सॅटर्डे’च्या त्या वेळच्या अंकांकडे ओळीने पाहिलं की चित्राचा हेतू कळतो. १४ जानेवारीला होमरचंच दारापुढचा बर्फ उपसणाऱ्यांचं चित्र आहे, २१ तारखेला बर्फातली हरणाची शिकार, २८ला आपलं हे चित्र आणि ४ फेब्रुवारीला बर्फावरचं स्केटिंग. ओळीने चार शनिवार, चार हिवाळी देखावे. संपादकाला ऋतूची चित्रमाला हवी होती. वाचक शहरातला, शेगडीजवळ बसून अंक चाळणारा. या मालिकेत लाकूडतोड आली ती हिवाळ्याचं एक रूप म्हणून. धंदा समजावून सांगणं हा तिचा उद्देशच नव्हता. हे लक्षात घेतलं की चित्रात काय नाही याची तक्रार होमरकडे नेण्यात अर्थ राहत नाही. मात्र ते इतिहासाच्या लेखासोबत लावणाऱ्याला जाब विचारता येतो.

तारखेचा मुद्दाही आहेच. अंक जानेवारीच्या अखेरीचा. छपाईचा लाकडी ठोकळा कोरायला, त्याची धातूची प्रत काढायला आणि छापायला लागणारा वेळ धरला तर भर थंडीतल्या रानात उभं राहून काढलेलं हे रेखाटन असणं अवघड दिसतं. तोडणारा माणूस, त्याची पकड, झाडाचा बुंधा हे पाहिलेलं असेल. बर्फाचं अंथरूण बहुधा नंतर टेबलावर घातलं गेलं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, वाढलेल्या माणसाला बर्फ आठवून काढणं जड नव्हतं.

ठोकळ्यावरचा बर्फ

त्या काळी साप्ताहिकात चित्र छापायचं तर ते लाकडावर कोरावं लागे, कारण अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येईल असा उठावाचा ठसा हवा असे. लाकूड बॉक्सवुडचं. फार हळू वाढणारं, घट्ट, झाड बारीक. खोड आडवं कापून त्याच्या चकतीवर कोरायचं, म्हणजे रेषा कुठल्याही दिशेने गेली तरी लाकूड ढलपत नाही. ही रीत अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक याने नावारूपाला आणली. पण बॉक्सवुडची चकती हाताच्या पंज्याएवढी जेमतेम. पानभर चित्रासाठी बरेच तुकडे जोडावे लागत. १८६०च्या सुमारास हे तुकडे मागून बोल्टने जोडण्याची आणि परत सुटे करण्याची सोय आली. मग काम वाटता येऊ लागलं. चित्रकाराचं चित्र ठोकळ्यावर उमटलं की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना द्यायचे, एकाने आकाश, दुसऱ्याने झाडं, तिसऱ्याने माणसं. पुन्हा जोडल्यावर मुख्य कारागिराने सांध्यांवरच्या रेषा जुळवायच्या. जुनी छपाई भिंगाखाली धरली तर कधी कधी पानभर जाणारी एक केसाएवढी पांढरी सरळ रेघ दिसते. चित्रातल्या कशाशीच तिचा संबंध नसतो. ती दोन तुकड्यांमधली फट असते.

आता बर्फाचं बघू. या छपाईत न कोरलेला भाग शाईने काळा उमटतो आणि कोरून काढलेला भाग पांढरा राहतो. म्हणजे बर्फ छापला जात नाही. जिथे बर्फ दाखवायचा तिथलं लाकूड खोल काढून टाकायचं, इतकं की शाईचा रूळ तळाला टेकणार नाही, आणि कागद कोरा सोडायचा. उलट झाडाचा बुंधा म्हणजे एकमेकींना लागून ओढलेल्या रेघा. कोरणाऱ्याचा हात त्यात तयारच. उभे काळे बुंधे आणि त्यांच्या पायाशी कोरा कागद ही जोडी या तंत्राला इतकी मानवते की हिवाळ्यातलं रान हा त्या काळच्या चित्रांचा लाडका विषय झाला यात नवल नाही. त्या कोऱ्या पांढऱ्यात मात्र एक गोष्ट हरवते. स्लेजच्या, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाडीच्या चाकोऱ्या, घासत गेलेल्या ओंडक्याची गुळगुळीत खोबण, बैलांच्या खुरांनी कालवलेला चिखल-बर्फ हे सगळं दाखवायचं तर पांढऱ्यात बारीक काळ्या रेषा उभ्या ठेवाव्या लागतात. त्यात वेळ जातो आणि चित्राची स्वच्छताही जाते. बर्फ अस्पर्श दिसला की चित्र सुंदर दिसतं. कामाच्या रानात बर्फ अस्पर्श राहत नाही.

रानात प्रत्यक्ष काय चालायचं

मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीच्या वरच्या अंगाला किंवा अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये हडसनच्या उगमाकडे, धंद्याचं वर्ष सारखंच होतं. मेनमध्ये स्वतः लाकूडतोडीचं काम केलेल्या जॉन स्प्रिंगरने १८५१मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कच्या हार्पर बंधूंनी ते सचित्र छापलं. त्या काळच्या कामाचं इतकं भरीव वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कामाची सुरुवात बर्फाच्या कितीतरी आधी होई. चांगला पाइन वृक्ष कुठे उभा आहे हे शोधायला जाणता माणूस उंच झाडावर चढून रान न्याहाळी. बैलांसाठी रानातल्या पाणथळ कुरणांवर उन्हाळ्यातच गवत कापून ठेवावं लागे. शरदात टोळी आत शिरे, ओंडक्यांचं बुटकं घर आणि शेजारी बैलांचा गोठा बांधे. घराचं छप्पर दोन्ही बाजूंनी जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेलं, मध्ये विस्तव, वर धुराला भोक. झोपायचं सगळ्यांनी एका ओळीत, फर झाडाच्या डहाळ्यांवर, एकाच लांबलचक पांघरुणाखाली. जेवण म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, वाल, पाव, काकवी आणि चहा. वाल जमिनीत खड्डा करून निखाऱ्यांत रात्रभर शिजवत.

टोळीत माणसांची कामं ठरलेली असत. होमरने दाखवलेला तोडणारा हा त्यांतला एक. त्याच्या जोडीला झुडपं कापून वाट काढणारे, पाडलेल्या खोडाची साल सोलणारे, बैल हाकणारा, स्वयंपाकी आणि मुकादम. साल सोलणारा का हवा? कारण ओंडक्याचं जड टोक आखूड स्लेजवर चढवून बांधत आणि दुसरं टोक बर्फावरून घासत नेत. घासणाऱ्या बाजूची साल काढली की तो सरकायचा. नदीच्या गोठलेल्या पात्रावर किंवा काठावर ओंडके रचून ठेवत, त्यांवर मालकाची खूण कुऱ्हाडीने कोरत आणि वसंतात बर्फ फुटला की पुराच्या पाण्यावर सोडून देत. खाली बांध घालून अडवलेल्या पाण्यात ते जमा होत, खुणांप्रमाणे वेगळे केले जात आणि सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत जात. ओंडके उलटवायची, अडकलेला ओंडका सोडवायची आकडीची दांडी तिथल्याच स्टिलवॉटर गावच्या जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५८च्या सुमारास सुधारली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मग हिवाळाच का? झाड तर उन्हाळ्यातही पडतं. अडचण तोडण्यात नव्हतीच; होती ती टनावारी वजनाचा ओंडका दलदल, झुडपं आणि खडक ओलांडून नदीपर्यंत नेण्यात. उन्हाळ्यात ते रान बैलजोडीला दाद देत नसे. थंडीत दलदल गोठते, खाचखळगे बर्फाने भरतात, आणि जिथे चाक फिरलं नसतं तिथून घसरती वाट तयार होते. वाट तुडवून घट्ट झाली की तीच जोडी कितीतरी पट वजन ओढते. मोठं झाड कडक जमिनीवर आपटून फुटू नये म्हणूनही बर्फाची गादी उपयोगी पडे. शेतीचं काम बंद असल्याने माणसं आणि जनावरं मिळत, ही आणखी एक सोय.

या वाटेची निगा हा पुढे स्वतंत्र व्यवसायच झाला. मिशिगन, विस्कॉन्सिनकडे १८७०नंतर बर्फाचे रस्ते बांधून घ्यायची पद्धत वाढली. स्लेजच्या खालच्या घसरत्या पट्ट्या ज्या दोन चाकोऱ्यांतून जातात त्या कोरून घ्यायच्या. रात्री स्लेजवरची पाण्याची मोठी टाकी ओढत न्यायची. टाकीच्या मागच्या भोकांतून पाणी बरोबर चाकोऱ्यांत पडे आणि सकाळपर्यंत त्यांचा आरसा होई. घोड्यांची लीद चाकोरीत पडली तर स्लेज अडकते, म्हणून ती उचलायला माणूस नेमलेला. उतारावर उलटा प्रश्न: भरलेली स्लेज घोड्यांच्या अंगावर जाईल. तिथे आणखी एक माणूस चाकोरीत वाळू किंवा गवत पसरत बसे. किती घालायचं हा त्याचा अंदाज चुकला तर घोडे आणि हाक्या दोघांचा जीव जाई. मला या माणसाबद्दल फार वाटतं. पाठीमागून येणारं सगळं वजन त्याच्या मुठीतल्या गवतावर अवलंबून असे, आणि लोकप्रिय छापील चित्रांत त्याची जागा जवळजवळ नाहीच.

एका दुव्याचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण तो थेट मुंबईपर्यंत येतो. फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने गरम देशांत विकत असे. १८३३मध्ये त्याचं जहाज कलकत्त्याला आलं आणि लवकरच मुंबईतही हा बर्फ उतरू लागला. चार महिन्यांच्या प्रवासात तो टिकायचा लाकडाच्या भुशामुळे. सॉ मिलवाल्यांना आधी हा भुसा नकोसाच होता, तो नदीत लोटून द्यायचे. बर्फाच्या व्यापाऱ्यांनी त्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं, आणि मेनच्या गिरण्यांचा भुसा यात मोठ्या प्रमाणात गेला. मुंबईच्या बंदरावर उतरलेल्या त्या पारदर्शक लाद्यांभोवतीचं पिवळं आवरण अशा हिवाळी रानांतूनच निघालेलं होतं.

चित्राचा ताळा

आता चित्राकडे पुन्हा बघू. १८७१मध्ये माणसाच्या हाती करवत नसून कुऱ्हाड आहे, हे अगदी बरोबर. दोघांनी ओढायची आडवी करवत ओंडके कापायला होती, पण उभं झाड पाडायला तिचा वापर साधारण १८७०च्या दशकानंतर रुळला, कारण तोवर भुसा बाहेर ओढणारे दाते तितके चांगले नव्हते. त्यामुळे तारीख नसलेल्या एखाद्या छापील चित्रात दोन माणसं गुडघ्यावर बसून उभं झाड करवतीने कापताना दिसली तर ते बहुधा त्यानंतरचं आहे, असा कयास बांधता येतो. पाडण्याची रीतही कुऱ्हाडीच्या कामाला धरून वाचता येते: झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खोल खाच, मग विरुद्ध बाजूने थोडी वर दुसरी. अशा चित्रांत खाच कुठल्या बाजूला आहे आणि माणूस कुठे उभा आहे हे जुळतंय का, हे पाहणं ही चित्रकाराने काम प्रत्यक्ष बघितलं होतं की नाही याची चांगली कसोटी आहे. एक अडचण लक्षात ठेवावी. ठोकळ्यावर चित्र उलटं असावं लागतं. ते उलटवायचं राहिलं तर छापात उजव्या हाताचा माणूस डावखुरा होतो. त्यामुळे हाताच्या बाजूवरून निष्कर्ष काढू नये.

माणसाच्या अंगातला जोर, कुऱ्हाडीमागे गेलेलं वजन यांवर मी होमरवर पूर्ण भरवसा ठेवीन. शरीर कामाला कसं जुंपलं जातं हे त्याच्याइतकं जाणणारा चित्रकार त्या पिढीत दुसरा नव्हता, असं माझं मत आहे.

राहिली गैरहजेरी. बैल नाहीत, स्लेज नाही, वाट नाही, टोळीचा तळ नाही. दोन माणसं आणि रान. शहरी वाचकाला हेच हवं होतं: निसर्गासमोर उभा एकटा, सशक्त, कुणाचा नोकर न दिसणारा माणूस. पगार, मुकादम, मालकाची खूण, ठेकेदाराचा हिशेब यांतलं काही त्यात शिरत नाही. पण त्या काळच्या सगळ्याच चित्रांना हा नियम लावू नये. १८८२च्या सुमाराला निघालेल्या ‘पिक्चरेस्क कॅनडा’ या मोठ्या सचित्र ग्रंथात ओटावा नदीच्या वरच्या भागातली लाकूडतोड आहे, आणि तिथे चित्रं एका माणसावर न थांबता कामामागे चालत जातात. पुस्तकाला पानं होती, साप्ताहिकाच्या चित्रमालेला एकच जागा होती. बराचसा फरक तिथूनच येतो. म्हणून होमरचं चित्र एकटं छापू नये. शेजारी ओंडके ओढून नेण्याचं एखादं चित्र ठेवलं की दोन्ही खरी वाटू लागतात.

बर्फ आलाच नाही तेव्हा

बर्फ हे साधन होतं याचा सर्वांत ठोस पुरावा चित्रांत नाही, एका उबदार हिवाळ्यात आहे. १८७६-७७च्या हिवाळ्यात मिशिगनमध्ये पुरेसा बर्फ पडला नाही. ओंडके तोडून तयार, पण रानात अडकलेले. विनफील्ड स्कॉट गेरिश या ठेकेदाराने १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात छोटं वाफेचं इंजिन पाहिलं होतं. त्याने लेक जॉर्जपासून मस्केगन नदीपर्यंत काही मैलांची रेल्वे टाकली आणि जानेवारी १८७७मध्ये ती चालू केली. इतरांचे ओंडके पडून असताना त्याचे नदीत पोचले. बाकीच्यांनी लगेच त्याची नक्कल केली आणि पुढच्या काही वर्षांत मिशिगनच्या रानांत अशा रेल्वे पसरल्या. त्याच दशकात तिथल्याच सायलस ओव्हरपॅकने दहा फूट उंचीची चाकं बनवून विकायला सुरुवात केली. त्यांच्या आसाखाली ओंडके टांगून उन्हाळ्यातही ओढता येत. रान आता बाराही महिने तोडता येऊ लागलं, आणि तोडलंही गेलं.

त्याच्या थोडं आधी, १८७२मध्ये, मेनमधल्या बँगर बंदरातून सुमारे २४ कोटी ६० लाख बोर्ड-फूट लाकूड गेलं होतं. एक बोर्ड-फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. तो तिथला कळस ठरला. मोठा पाइन संपत आला होता. त्यानंतर स्प्रूस या झाडाचे दिवस आले, आणि त्याला नवं गिऱ्हाईक होतं कागद. अमेरिकेत लाकूड दळून कागदाचा लगदा करणं १८६७मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालं. शतक संपता संपता बारीक स्प्रूससुद्धा सोडेनासे झाले. १८९८मध्ये अनेक गिरण्या एकत्र होऊन इंटरनॅशनल पेपर कंपनी निघाली आणि हडसनच्या वरच्या अंगाला तिची मोठी गिरणी चालली.

न्यूयॉर्क राज्याने १८८५मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकमधल्या सरकारी जमिनी राखीव केल्या आणि १८९४मध्ये राज्यघटनेतच त्यांना संरक्षण दिलं. होमर त्या सगळ्या काळात तिथे जात होता, आणि त्याची नजर बदलत गेलेली दिसते. १८९१च्या ‘हंट्समन अँड डॉग्ज’ या तैलचित्रात शिकारी एका उजाड उतारावर उभा आहे, जवळ तुटका बुंधा. त्याच सुमाराच्या त्याच्या एका जलरंगातल्या चित्रात हडसनमधून जाणारे ओंडके आणि ते हाताळणारी माणसं आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या ठोकळ्यावर जे मावलं नव्हतं, म्हणजे झाड पडल्यानंतर त्याचं काय होतं, ते त्याने इथे काढलं. १८७१चं चित्र छापायचंच असेल तर मी संपादकाला ही दोन सोबत लावायला सांगेन.